कळव्याहून कल्याणला, मयतांची चौकशी करत

लोक प्रवासाचं लिहितात ते हिमालयाचं, काशीचं, गेलाबाजार गोव्याचं. माझा प्रवास कळव्याहून कल्याणपर्यंतचा. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. पण ज्याने हा रस्ता माझ्यासारखा केला, दारोदार बसून तुमचं माणूस कसं मेलं असं विचारत, असा दुसरा कोणी मला अजून भेटलेला नाही. म्हणून लिहितो. चौथी शिकलोय, तेव्हा शुद्ध-अशुद्ध काढत बसू नये.

कळवा

आम्ही खाडीकाठचे आगरी. बाप मिठागरावर होता, मी लहानपणी मीठ ओढलं आणि मग उभी हयात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर काढली. आता गावाला चहूकडून टॉवरांनी घेरलंय, पण आमचा ओटा जागेवर आहे. त्या ओट्यावर थंडीतल्या एका सकाळी एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात टॅब, पाठीला सॅक. म्हणाली, मी डॉक्टर प्रज्ञा, कल्याणची. आम्ही पाहणी करतोय, लोक हृदयविकाराने किती जातात आणि कसे जातात त्याची. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या घरी कोणाचा मृत्यू झालाय का?

मी म्हटलं, आमच्या घरात कोणी आजारी पडत नाही. आणि दार लावून घेतलं.

खोटं बोललो. माझा मोठा भाऊ, त्याला सगळे भाऊच म्हणायचे, दोन वर्षांपूर्वी गेला. बहिणीकडे जेवायला गेलेला, तिथेच गेला. गावात आम्ही सांगितलं, गॅस झाला आणि गेला. आमच्या गावात सगळे गॅसनेच जातात. त्याला कारण आहे. घरात लग्नाच्या मुली असतात. माझी नात सायली लग्नाची आहे. हृदयाचं दुखणं म्हटलं की समोरचा म्हणतो, रक्तात आहे यांच्या, आणि पोह्यांची बशी अर्धी ठेवून उठतो. गॅस कोणाच्या रक्तात नसतो.

दार लावलं तरी खिडकीतून बघत होतो. ती शेजारी गेली. उभ्याउभ्याच विचारलं, कोणी वारलं का? तिथेही नाही. पुढच्या दारी तेच. मला राहवेना. काम कोणाचंही असो, चुकीचं चाललेलं मला बघवत नाही. लेथवर पण नाही बघवायचं. बाहेर जाऊन तिला म्हटलं, बाय, मयताचं असं वीजबिलासारखं विचारत नाहीत. आधी चपला काढायच्या. बसायचं. पाणी मागायचं. मग भिंतीवरच्या हाराच्या फोटोकडं बघायचं. माणसं आपणहून बोलतात.

ती हसली. म्हणाली, मग चला ना काका माझ्याबरोबर. पुढे वागळे आहे, मग डोंबिवली, शेवटी कल्याणची खाडीकडची गावं. रोज संध्याकाळी घरी आणून सोडते.

मला म्हणायचं होतं नाही. पण तोंडातून गेलं, किती वाजता निघायचं?

निघताना तिने माझ्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघायचं म्हटलं. मी हात मागे घेतला. माझं काही काढायचं नाही, सांगून टाकलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे ती सारखी येणार आहे. माझी धाकटी बहीण हिरा कल्याणला खाडीपलीकडे दिलेली. तिच्या नातवाचं लग्न त्याच आठवड्यात होतं. नवरदेवाच्या बापाचा मी मामा. आमच्यात मामाकडे माणूस अक्षत घेऊन येतो, हातावर तांदूळ ठेवून या म्हणतो, तेव्हा आमंत्रण. मला काय आलं? मोबाइलवर कार्ड. त्यात गणपती नाचत होता. मी ठरवलं, जायचं नाही. हिराचा फोन आला तेव्हा तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, भांडायला नंतर ये, आता मला गॅस झालाय, बोलवत नाही. आठवडा झाला, ओवा खाऊन खाऊन जीभ जळली.

मी म्हटलं, सोडा पी.

वागळे इस्टेट

ज्या फाटकातून मी वर्षानुवर्षे कामाला गेलो तिथे आता काचेची इमारत आहे. गळ्यात पट्टे घातलेली पोरं बाहेर सिगारेट ओढत उभी. आमचा भोंगा नाही, कँटीन नाही. मी जरा थांबलो तर वॉचमन म्हणाला, बाबा, किसको मिलना है? कोणाला भेटायचं होतं मला? पुढे निघालो.

मागच्या चाळीत एका घरी गेलो. मालक प्रेसवर कामाला होता, साताऱ्याकडचा. गेल्याला वर्ष झालेलं. मी सांगितलेल्या रीतीने सगळं केलं. चपला काढल्या, पाणी मागितलं, फोटोकडं बघून सुस्कारा टाकला. बाई एकदम ताठ झाली. मला म्हणाली, विम्याचे का तुम्ही? आणि जे बोलू लागली ते सगळं पाठ केलेलं. त्यांना कसलं व्यसन नव्हतं, कसला आजार नव्हता, कधी दवाखाना माहीत नव्हता. मी जितका गोड बोलायला जावं तितका मी विम्याचा पक्का होत गेलो. प्रज्ञाचे ओठ हसू दाबत होते. शेवटी तिने टॅब बंद करून बाजूला ठेवला आणि बाईला म्हणाली, मावशी, माझे बाबा पण शिफ्टला जायचे. रात्रपाळी करून आले की भांडी वाजवायची नाहीत आम्ही. बाई जरा सैल झाली. मग सांगितलं तिने. माझी रीत तिथे पडली ती पडली, लपवत नाही.

नवरा पहाटे पाळीवरून आला. म्हणाला, पाठीत दोन खांद्यांच्या मधे भरून आलंय. शर्ट घामाने ओला. डिसेंबरात. बाई म्हणाली, गॅस झाला असेल. कोपऱ्यावरून सोडा आणला. तो प्यायला, एक ढेकर दिला, बरं वाटतंय म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तिने भांडी वाजवली नाहीत. दुपारपर्यंत मुलांना जवळ जाऊ दिलं नाही. झोपू द्या म्हणाली.

मग ती उठून आत गेली आणि ताट घेऊन आली. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा. आमच्याकडे मयताच्या गोष्टीनंतर कोणी कोणाला खाऊ घालत नाही, पाणीसुद्धा न घेता उठतात. घाटावरच्या लोकांचं वेगळं. उपाशी जाऊ नका म्हणाली. ज्वारीची भाकरी मला तांदळाच्या भाकरीपुढे कधी आवडली नाही, पण सगळी खाल्ली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

जिना उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मोच्याकडे बसलो होतो तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "काका, गॅसने एवढा घाम फुटत नाही."

तेव्हा मी तिला भाऊचं खरं सांगून टाकलं, कल्याणला हिराकडे जेवायला गेला आणि तिथेच गेला ते. मोची टाके घालत होता. टाका घातला की दोरा ओढायचा. 

घरी येऊन हिराला फोन लावला. घाम येतो काय गं, विचारलं. ती म्हणाली, सगळ्या नातेवाइकांना वाढून बघ, तुला येतो काय.

डोंबिवली

दोन दिवस डोंबिवलीत होतो. पहिल्या दिवशी सगळ्या सोसायट्या. तीन मजले, लिफ्ट नाही. मी कठडा न धरता चढतो, प्रज्ञाला दाखवायचं होतं. वर पोचल्यावर मला बूट ठेवायच्या कपाटाला जरा टेकावं लागलं. तिने बघितलं आणि नाही बघितलं असं केलं. डॉक्टरकी शिकवतात त्यात हेही शिकवत असावेत.

घर होतं लेले म्हणून निवृत्त बँकवाल्यांचं. ते मला आजोबा म्हणाले. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असतील. मी त्यांना लेलेआजोबा म्हटलं, हिशोब फिटला.

यांच्या घरात मृत्यू लपवलेला नव्हता. उलट फाइल होती. प्लॅस्टिकच्या पाकिटांत एकेक कागद, वर तारखा. बायकोचा कार्डिओग्राम, बायकोची औषधं, बायकोचं इंग्रजीतलं दुखण्याचं नाव, ते त्यांनी स्वच्छ उच्चारून दाखवलं. मला वाटलं, बघा, शिकलेली माणसं. आमच्यासारखं गॅस-बिस नाही. आल्याची कॉफी आली, बारीक शेव घातलेले पोहे आले, त्यावर खोबरं मोजून टाकलेलं. आमच्याकडे एवढं खोबरं वाटपातून हाताला लागून वाया जातं.

मग प्रज्ञाने विचारलं, शेवटच्या काही दिवसांत त्यांना काय काय होत होतं?

लेले बराच वेळ फाइल सरळ करत बसले. मग सांगू लागले. पंधरा दिवस ती दमत होती. पोळ्या लाटता लाटता बसायची. डावी दाढ दुखते म्हणायची. दाताच्या डॉक्टरकडे गेली, तो म्हणाला दाढ चांगली आहे. मग ॲसिडिटीची गोळी. फाइलमधले सगळे कागद होते ते त्यानंतरचे, शेवटच्या रात्रीचे. त्या पंधरा दिवसांचा एकही कागद नव्हता. लेले म्हणाले, "तिची तक्रार करायची सवयच नव्हती." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि सांगता सांगता त्यांचा आवाज मधेच तुटला.

प्रज्ञाने टॅबवर बोटं चालवली. मग सावकाश म्हणाली, बायकांना छातीत कळ येतेच असं नाही. कधी दाढ, कधी पाठ, कधी नुसता थकवा.

मी कपातल्या कॉफीकडं बघत होतो. आमंत्रणावरून भांडलो त्या फोनवर हिराने आणखी काय सांगितलेलं, ते मला तिथे आठवलं. लवंग धरलीय दाढेत, म्हणाली होती. बोलायला त्रास होतो म्हणून. मी त्यावर हसलो होतो की आता तरी तुझं तोंड बंद राहील.

खाली उतरल्या उतरल्या मी म्हटलं, मॅडम, उद्या कल्याणला जाऊ. ती म्हणाली, उद्या एमआयडीसीकडची घरं आहेत काका, ठरलेली आहेत, मनाने बदलता येत नाहीत. कल्याण परवा. भाऊंचा मृत्यू तिथे झाला म्हणून तुमच्या बहिणीचं घरही यादीत आहे, पण ते परवाच. तुम्हाला घाई का आहे?

काही नाही म्हटलं. आता मी काय सांगणार? बोलावल्याशिवाय लग्नघरी जायचं नाही हे अख्ख्या गावाला सांगून बसलेलो.

एमआयडीसीकडच्या दिवसाचं माझ्या ध्यानात फारसं नाही. हवेत उग्र वास होता, घशात बसणारा. तिथली माणसं म्हणाली, कसला वास? एका जुन्या गावातल्या घरी निवट्यांचं कालवण होतं. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, चवीला एक नंबर. घरच्या म्हातारीने आग्रह केला आणि मी जेवणावरून उठलो. हातातला घास ताटात ठेवून. असं मी आयुष्यात केलेलं नाही. बाहेर येऊन फोन लावला. हिराचा मुलगा बाळाराम, ज्याच्या मुलाचं लग्न, त्याने उचलला. मागे ठोकाठोकी चाललेली, मांडव घालत होते. म्हणाला, आई आडवी पडलीय मामा. दमलीय.

मी म्हटलं, ती कधी दुपारची आडवी पडली होती रे?

तो म्हणाला, म्हातारी झाली ना मामा.

रिक्षात प्रज्ञाला सगळं सांगितलं. ओवा, दाढ, घाम, आडवं पडणं. कार्डाचंही सांगितलं, ते सांगताना मला माझाच राग येत होता. ती म्हणाली, हे काल सांगायला हवं होतं. बस, एवढंच. मग तिने रिक्षावाल्याला सांगितलं, गाडी कल्याणकडे घ्या. आणि यादीचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, यादी मेलेल्यांची आहे.

खाडीपलीकडे

दुर्गाडी किल्ल्याखालून पूल ओलांडला की वारा बदलतो. खारा वारा. मला तो कुठेही डोळे मिटून ओळखता येईल. त्या दिवशी त्याच्याकडेही लक्ष नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी हळदीचा डीजे आलेला. अख्खा ट्रक, भिंतीएवढे स्पीकर, गल्ली बंद. आम्ही बाजूने अंग चोरून आत गेलो. दारात मांडव पडलेला, आंब्याचे टाळे बांधलेले. बायका वडे थापत होत्या. हिरा मधोमध खुर्चीवर बसलेली. आमच्यात लग्न लावायचं ते धवलारणीने. ती धवले गाते, जन्मभर पाठ केलेली, त्यातूनच एकेक विधी पुढे सरकतो. हिरा त्या भागातली नावाजलेली धवलारीण. किती लग्नं लावली असतील, तीच जाणे. आणि आता तिच्या नातवाचं.

मला बघून ती म्हणाली, "दादूस, अक्षत नाय आयली ना तुला? मग कनाला आयलास?"

तोंड तेच होतं. पण रंग नव्हता. भिजवलेल्या कागदासारखा चेहरा.

मी म्हटलं, लग्नाला नाही आलो, कामाला आलोय. ही डॉक्टर. भाऊ कसा गेला ते विचारायचंय.

मांडवातल्या बायकांचे हात थांबले. हिराने मला जो डोळा दाखवला तो आमच्या आईचा होता. मांडवात मयताचं नाव काढलं मी. खरं तर ते विसरून बोललो, पण आता शब्द गेलेला. ती उठली. म्हणाली, हे इथं नाय. मांडवाच्या खाली मेलेल्याचं बोलत नाहीत. चल बाहेर, बांधावर. तिथे सांगते आणि मग तुम्ही जा.

बांध म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा. घरापासून हाकेवर. आम्ही निघालो. हिरा पुढे. नळाशी आली आणि थांबली, पदराने तोंड पुसलं. मग पुन्हा निघाली. रस्त्याखालच्या मोरीशी थांबली आणि वाकून खाली बघायला लागली. म्हणाली, चिंबोऱ्या बघते. मीही बघितलं. खाली नुसता चिखल होता. प्रज्ञा आता तिच्या अगदी जवळून चालत होती, एक हात तिच्या पाठीमागे, न लावता. बांधाचा तो चढ म्हणजे चढ नव्हेच, लहानपणी आम्ही कळव्याला असल्या बांधांवरून मिठाच्या पाट्या घेऊन पळायचो. हिरा तिथे खालीच बसली. मातीत. हळदीची नवी साडी नेसलेली बाई मातीत बसली.

प्रज्ञाने घाई केली नाही. शेजारी बसली, नाडीवर बोटं ठेवली आणि म्हणाली, आजी, सांगा. भाऊंचं काय झालं?

हिरा पाण्याकडं बघत सांगू लागली.

"जेवला. मग बोलला, छातीवं कनी बसलंय तसा वाटतं. मी ओवा दिला. घाम पुसला. मग बोलला, हिरे, दाढ पन दुखतं..."

आणि थांबली. तिचा हात तिच्याच गालावर होता. कधी गेला तिला कळलं नव्हतं.

खाडीवर भरतीचं पाणी येत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. मग लांबून डीजेवाल्याने स्पीकर तपासायला एकदा धाडकन वाजवला आणि आम्ही तिघंही दचकलो.

प्रज्ञा म्हणाली, आत्ता निघायचं. आत्ता. हिरा म्हणाली, हळद झाल्यावर. धवले कोण म्हणेल? मी म्हटलं, दुसरी म्हणेल. ती म्हणाली, दुसरी चुकते. मी म्हटलं, चुकू दे. ती म्हणाली, माझ्या नातवाच्या लग्नात चुकू दे? तिची हनुवटी वर झाली. ती हनुवटी मला ठाऊक आहे, रोज दाढी करताना आरशात दिसते. तिला हलवायला कोणाच्या बापाला जमत नाही. प्रज्ञाने समजावलं, हृदयाची नळी बंद होतेय, एकेक तास महत्त्वाचा आहे. हिरा मान हलवत राहिली. हळदीनंतर, हळदीनंतर.

मग मी जे बोललो ते कोणी लग्नघरातल्या माणसाला बोलू नये.

"हिरे, तू आज मेलीस तर सुतक लागंल. मांडव उतरवावा लागंल. लगीन राहील तुझ्या नातवाचा."

तिने माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता ही मारते. तिने मारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाळ्याला हाक मार."

मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. प्रज्ञाने मेडिकलमधून गोळी आणवून तिला चावायला लावली. गल्लीत डीजेचा ट्रक, गाडी आत येईना, तो मागे घ्यायचा तर ड्रायव्हर जेवायला गेलेला. खुर्चीतून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून न्यायचं ठरलं. चार पोरं पुढे आली, चार पाय धरले. हिरा ओरडली, चौघं नको. चौघं कोणाला नेतात ते सगळ्यांना माहीत आहे. पोरं गोंधळली, एकाने हात सोडला, खुर्ची कलली. मी पुढे झालो आणि खुर्चीच्या पाठीला धरलं. म्हटलं, पाच झालो, चला. मी उचलत काहीच नव्हतो, नुसतं धरून चाललो. प्रज्ञा माझ्यावर डाफरली, काका तुम्ही सोडा. मी सोडलं नाही. सोडलं असतं तर चारच उरले असते.

वडे थापणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी गल्लीत उभ्या होत्या. हिरा खुर्चीतून त्यांना सांगत चालली होती, कुठला धवला आधी, कुठला नंतर.

इस्पितळ

पंख्याखाली बाकड्यावर बसलो. सारखा उठत होतो, दारापर्यंत जात होतो, परत बसत होतो. एक शिपाई म्हणाला, बाबा एका जागी बसा. मी म्हटलं, तू बस.

डॉक्टरांनी सांगितलं, मुख्य नळी जवळजवळ बंद होती. जाळी बसवली. आज आणली नसती तर, असं म्हणून पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बरं केलं.

तिकडे हळद झाली. दुसऱ्या धवलारणीने म्हटलं. चुकली, असं हिराने पुढे दोन दिवस सगळ्यांना सांगितलं. स्वतः ऐकलं नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाराम आला. हात कोपरापर्यंत पिवळे. माझ्यासमोर वाकला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. माझा उजवा हात धरून तळव्यावर तांदूळ ठेवले. म्हणाला, मामा, लग्नाला यायचं. आईने आत्ता पाठवलं. बाजूच्या बाकावरची माणसं बघत होती, इस्पितळात हे काय चाललंय. मी तांदूळ मुठीत धरले. मूठ बराच वेळ उघडली नाही. लग्नाला गेलो, जेवलो, आणि संध्याकाळी परत हिरापाशी येऊन एकूण एक गोष्ट सांगितली. तिने तीन ठिकाणी दोष काढले.

प्रज्ञा तिला बघायला आली तेव्हा हिरा उशीला टेकून बसली होती. तिनेच विषय काढला.

"पोरी, भाऊचा राहिलाय ना लिवायचा? लिव. गॅस नव्हता. कालीज व्हता."

प्रज्ञाने टॅब काढला आणि लिहिलं. मग हिरा माझ्याकडं बोट करून म्हणाली, आता याचा हात बांध. मी म्हटलं, माझं काय... ती म्हणाली, दादूस, हात दे. मी दिला. पट्टा फुगला, आवळला, सुटला. प्रज्ञाने आकडा बघितला आणि पट्टा पुन्हा फुगवला. तेव्हाच मला कळलं. गोळी चालू आहे. जेवणातलं वरचं मीठ बंद. मिठागरावर जन्मलेल्याला ही शिक्षा आहे, पण घेतली.

पुन्हा कळवा

घरी आलो आणि पुढच्या रविवारी सायलीला बघायला माणसं आली. मुलगा चांगला, नोकरी चांगली. मुलाचे आजोबा माझ्याच वयाचे, भिवंडीकडचे आगरी, टोपी घालून बसलेले. पोहे आले. सून पडद्याआडून माझ्याकडं बघत होती. कल्याणचं सगळं तिला ठाऊक होतं, आणि मी काय बोलू नये हे तिने सकाळपासून मला दोनदा ऐकवलेलं.

आजोबांनी विचारलंच. सगळे विचारतात, सहज विचारल्यासारखं. म्हणाले, घरात तसं कोणाला काही नाही ना?

मी सायलीकडं बघितलं. ती ट्रे घेऊन उभी होती. मग म्हटलं, आहे. माझा भाऊ हृदयाने गेला. बहिणीला गेल्या आठवड्यात जाळी बसवली. मला प्रेशर आहे. पोरीला अजून काही नाही, पण तिलाही तिशीनंतर दर वर्षी बघायला सांगितलंय डॉक्टरने.

पडद्यामागे काहीतरी भांडं पडलं. मुलाची आई मुलाच्या बापाकडं बघू लागली. आजोबांनी हातातली बशी खाली ठेवली. पोहे अर्धे होते. मला वाटलं, झालं, आता उठतात.

ते उठले नाहीत. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि टोपीकडंच बघत म्हणाले, "आमच्याकडं पण हाय. आमचा बाप, मग दोन भाऊ. आमी गॅस बोलतो."

मग त्यांनी बशी परत उचलली.